घडाघडा

कोरोनात शाळा बंद पडली तेव्हा कल्याणी पहिलीत होती. आता सातवीत आली तरी तिला अक्षरं जुळवता येत नव्हती. तेच सांगायला तिच्या वर्गशिक्षिका प्रेमलाबाई घरी गेल्या.

परतूरच्या बाजारात कापूस घालून आलेला कल्याणीचा बाप भागवत कौतुकानं म्हणाला, "मॅडम, ऐका तर, कशी वाचून राह्यली आमची पोरगी!"

कल्याणीनं पुस्तक उघडलं आणि चित्राकडे बघत घडाघडा गोष्ट म्हटली. त्यातलं एकही वाक्य पानावर नव्हतं. बाई तशाच उठल्या.

फाटकापाशी कल्याणीची आई हळूच म्हणाली, "तिला वाचता येत न्हाई, ठाऊक हाय मला. पण ह्यांना सांगू नका मॅडम. शाळा सोडवून जल्दी सोयरीक जमवतील."