सासूबाईंचं नाक

"आधी वास घ्या, मग बोला," म्हणत सुनेने वाटी सासूबाईंच्या नाकाखाली धरली.

वाटीत चार अंड्यांचे बलक होते, साखर घालून फिकट होईपर्यंत फेटलेले. सासूबाईंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"ताजी आहेत. जरासुद्धा उग्र नाहीत. चल पुढे."

सुनेचा जीव भांड्यात पडला. गेला महिनाभर हे घर एका नाकावर चाललं होतं आणि ते नाक सासूबाईंचं होतं. महिन्यापूर्वी दोघी एकदमच तापाने आडव्या झाल्या होत्या. ताप गेला, पण जाताना सुनेची वासाची जाण घेऊन गेला. साबण नाही, कांदा नाही, कॉफी नाही. दुसऱ्या कुणाचं कसंबसं निभावलं असतं. ही बाई मात्र कॉफीच्या दुकानात यंत्रावर उभी राहायची. तिथे नाक गेलं की नोकरी गेलीच म्हणायची.

मालकीणबाईंना संशय आला होता. परवा एका गिऱ्हाइकाला करपलेल्या दुधाची कॉफी गेली होती. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वर्षअखेरची खास कॉफी यंदा तुझ्या हातची. आज पाचला तुझ्या घरी येते, करून पाज." गोड बोलून परीक्षाच घेणार होत्या, दुसरं काय!

खास कॉफी म्हणजे दुकानातल्या फळ्यावर 'एगनॉग लाटे' म्हणून लिहितात ती. बलक, साखर, दूध आणि साय मंद आचेवर दाट करायची, त्यात कडक कॉफी ओतायची, वर जायफळ.

"तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं, आई."

"पुरे हं. मस्का दुधात घाल, मला नको लावूस," सासूबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. हसण्याच्या नादात मागे शेगडीवरचं दूध भस्सकन उतू गेलं.

"अगंबाई!" सासूबाईंनी लगबगीने पातेलं उचललं. सुनेने फडकं फिरवलं. बर्नर दुधाने पार भरून गेला होता.

"तुम्हालाही कळलं नाही?"

"बोलण्यात लक्ष होतं गं. राहू दे ती शेगडी, इंडक्शनवर ठेव. त्यावर आचही हवी तेवढी धरता येते."

ते मात्र खरं होतं. बलकाला जरा जास्त आच लागली की त्याच्या गुठळ्या होतात. सुनेने कोमट दूध थोडं थोडं करून बलकात घातलं, मग सगळं इंडक्शनवर ठेवलं आणि ढवळत राहिली. बाहेर कडाक्याची थंडी होती, खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. काचांवर धुकं धरलं होतं आणि पलीकडची इमारत दिसेनाशी झाली होती.

तिने डब्यातून जायफळ काढलं.

"व्वा! काय वास सुटलाय जायफळाचा," सासूबाई म्हणाल्या.

"अजून किसलंसुद्धा नाही, आई!"

"मग? उगाच का माझ्या नाकाचं नाव आहे?"

सुनेला भरून आलं. असं नाक पाठीशी असल्यावर मालकीणबाई काय बिघडवणार होत्या?

घरातला बोका दाराशी जाऊन ओरडायला लागला. एरवी साय दिसली की पायांत घुटमळणारा हा प्राणी, आज त्याने साईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नखांनी दार खरवडत राहिला. सुनेने दाराची फट केली तसा तो बाणासारखा जिन्यावरून खाली गेला. थंडी आत येऊ लागली म्हणून तिने दार पुन्हा लावून घेतलं.

मग तिला ती फुसफुस ऐकू आली, बारीक आणि एकसारखी. ती स्वतःशीच हसली. दिवसभर वाफेच्या नळीशी उभं राहायचं, मग घरी आल्यावरही कानात फुसफुस चालूच. कॉफीच्या यंत्रावरच्या सगळ्यांनाच हे भूत लागतं. तिच्या जोडीदारणीला तर ते झोपेतही ऐकू यायचं. तापापासून तिचं हे भूत गप्प होतं; इतक्या दिवसांनी कान जागे झाले, आता नाकही होईल, असं तिच्या मनात आलं. तिला बरं वाटलं.

"डोकं जड झालंय गं," सासूबाई जांभई देत म्हणाल्या.

"माझंही. परीक्षेचा ताण, आणखी काय!"

पाचला दहा मिनिटं होती. दाट मिश्रण कपात गेलं, त्यावर कॉफी, त्यावर जायफळ. तिने चव घेतली. जिभेला नुसता गोडवा कळला, पण पोत मखमलीसारखा होता. शेवटी दुकानाची खूण तेवढी राहिली: वर चिमूटभर साखर भुरभुरायची आणि ज्योतीच्या लायटरने ती तांबूस भाजायची. लायटर तिने मुद्दाम दुकानातून आणला होता.

"आई, शेवटचं एकदा. नीट वास घ्या. कुठे काही वावगं वाटतंय का?"

सासूबाईंनी कपावर वाकून श्वास घेतला. "काहीसुद्धा नाही. अगदी उत्तम!"

सुनेचे डोळे पाण्याने भरले. तिने त्यांचा हात घट्ट धरला. "नोकरी राहिली, आई. तुमच्या नाकामुळे राहिली."

सासूबाईंनी मान खाली घातली. साखर भुरभुरून सुनेने लायटर उचलला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आता सगळं छान झालंय म्हणून सांगते हं, रागावू नकोस. त्या तापापासून मलाही कसलाच वास येत नाही गं. तू खचू नयेस म्हणून..."

सुनेची नजर शेगडीकडे गेली. गॅसचं बटण अजून मंद आचेवरच फिरवलेलं होतं, आणि तिच्या अंगठ्याने तोवर लायटरची कळ दाबली होती.