चौथा गडी

खराडेसाहेब विश्रामगृहात उतरून तास झाला नव्हता, तोच कुणी सोलकढी आणून दिली. मग कॅरमला चौथा गडी हवा म्हणून तीन म्हातारे आले. साहेबांनी त्यांना पिटाळलं. आता दारात पांचाळबाई, हातात गरम घावनांची ताटली.

साहेब भडकले. "आत्महत्या रोखण्यासाठीचा तुमच्या गावाचा शेजारनिधी बंद करायला आलोय मी. असली लाच चालणार नाही! तीन वर्षांत इथे एकही आत्महत्या नाही, मग सरकारनं खर्च कशाला करायचा?"

"अगोबाई, ते साहेब तुम्ही होय?" पांचाळबाई चकित झाल्या. "आम्हाला काय ठाऊक! हातावरच्या पट्टीनं एवढंच कळवलं, की विश्रामगृहातला पाहुणा मनातून पार खचलाय."

साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. सगळ्यांच्या हातावर असते तशीच पट्टी, पण तिच्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. बायको वारल्यापासून आठ महिने तो शहरातही असाच लुकलुकत होता. दार कुणीच वाजवलं नव्हतं. तिथला निधी साहेबांनीच बंद केला होता.

"घावनं गार होतायत," पांचाळबाई म्हणाल्या.

साहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि ते चपला शोधू लागले.

"त्या आजोबांना एव्हाना चौथा गडी मिळाला असेल, नाही?"

"छे हो! तुमच्यासाठी थांबलेत."