जुन्या नोंदी

जुना सर्व्हर शुक्रवारी बंद होणार होता. त्याआधी इस्पितळांच्या नोंदींचं अ‍ॅप्लिकेशन क्लाउडवर हलवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. जावा या संगणकभाषेतलं वीस वर्षांपूर्वीचं काम. लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेले.

त्यातच होती अनोळखी म्हणून दाखल झालेल्या माणसांची यादी; पुढे ओळख पटली की तिथेच नाव भरलं जाई. तिने ही नोकरी धरली होती तीच या यादीपायी. ती दहा वर्षांची असताना बाबा सायकल दुरुस्त करून आणतो म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. शोधाशोधीच्या त्या आठवड्यात आईने तिला मावशीकडे ठेवलं होतं. पुढे शाळेच्या दर निकालाला आई म्हणायची, "जपून ठेव. बाबा आले की दाखवू."

यादीत तिने बाबांचं नाव कितीदा शोधलं होतं. दर वेळी उत्तर एकच: नोंद नाही. पण सर्वांत जुनी नावं वाचताच येत नसत. अक्षरांच्या जागी मुंग्यांसारख्या नुसत्या खुणा.

नव्या सर्व्हरवरही मुंग्या तशाच आल्या. तिने सेटिंगची फाइल उघडली. डेटाबेसचा पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर. जुनी अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची, ती ओळ तेवढी चुकलेली होती. तिने ती सुधारली आणि अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू केलं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवते. आई, आज जुनी नावं वाचता येतील बहुतेक."



"आता कशाला उकरून काढतेस?"

"त्यात बाबा असतील तर?"

"नसतील. येतील ते. तू आधी जेवून घे."

ती जेवली नाही. पडद्यावर नावं लख्ख उमटली होती. तिने बाबांचं नाव टाइप केलं.

एक नोंद. तारीख बाबा गेले त्याच दिवसाची. सायकलला ट्रकची धडक. तिसऱ्या दिवशी मृत्यू.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण उठून आली. "काय झालं गं?"

"बाबा सापडले," ती म्हणाली. "सोळा वर्षं वाट बघतेय आई. आता तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

मैत्रिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने डोळे पुसले आणि नोंद खाली सरकवली.

ओळख पटली : होय. मृतदेह ताब्यात घेणारी व्यक्ती : पत्नी. पुढच्या रकान्यात आईचं नाव होतं.