दम घ्यायला जागा

दिपाली शिळीमकरने वाद्यवृंदासाठी लिहिलेली नवी रचना पुण्यातल्या वादकांनी 'फार अवघड आहे' म्हणून परत केली होती. तिच्या गावच्या, कामथडीच्या, लग्नाच्या बँडने तिने कॉम्प्युटरकडून वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग मोबाईलवर ऐकून ऐकून ती तीन महिन्यांत बसवली आणि ऐकायला तिला बोलावलं.

शाळेच्या पटांगणात बावीस जण रचनेच्या शेवटाकडची सुरांची अवघड चढण चढू लागले. एकही सूर चुकला नाही. अगदी वर पोचल्यावर मात्र सगळे एकदम थांबले. क्षणभर पूर्ण शांतता. मग शेवटचा सूर असा भरून आला, की दिपालीचे डोळे वाहू लागले.

कार्यक्रम संपल्यावर ती क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बाजीनानांकडे गेली. "नाना, ती मधली शांतता मी लिहिलीच नव्हती."

नाना ओशाळले. "चुकलंच बगा आमचं. पर तितं दम घ्यायला जागाच न्हाई ठिवली तुमी. समद्यांचाच दम संपायचा, मग ठरवून थांबलो."

कॉम्प्युटरवर लिहिताना दिपालीला कधी दम लागलाच नव्हता. तिने पिशवीतून रचनेचे कागद आणि पेन्सिल काढली आणि नानांच्या पायाशी मातीतच बसली.

"चूक माझी आहे, नाना. आता पहिल्यापासून सांगा, आणखी कुठं कुठं दम लागला?"