घोड्याशी बोललेलं इंग्रजी

आबासाहेबांनी घोडं सोडलं, बारामतीच्या बाजारात नेऊन विकायला. उसाला बैल हवे होते, हे बिनकामाचं. ओसरीवर सून मुक्ता तोंडाला पदर लावून उभी राहिली. तिचा नवरा कुंडलिक गोठ्याच्या खांबाला धरून. घोड्यापायी एवढं दुःख पणदऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं.

घोडं कालव्यावरच्या गोऱ्या इंजिनिअरचं. साहेब विलायतेला परतला, तेव्हा आबांनी ते घेतलं. त्याला मराठी येत नव्हतं. 'चल' म्हटलं की भिंतीकडं बघायचं. मग साहेबाचं घोडं सांभाळणाऱ्या मोतद्दारानं सगळ्या घराला ओसरीवर बसवून शिकवलं. निघायचं असलं की 'गो ऑन', घाई असली की 'हरी अप', हळू घ्यायचं तर 'स्लो डाऊन', माघारी बोलवायचं तर 'कम बॅक'. घोडं खूश झालं. लासुर्ण्यापर्यंत लोक सांगत, की चार वाजले की ते खिंकाळून चहा मागतं, आणि बशीतला दिला तर पीत नाही.

आता त्या घरची रीत अशी, की वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी मुक्तानं दिवसाउजेडी कुंडलिकला 'अहो' म्हटलं नव्हतं. पण घोड्याशी बोलायला कुणाची आडकाठी? भाकरी तव्यावरून उतरली की ती गोठ्याकडं बघून म्हणायची, 'हरी अप.' घोडं कान हलवायचं आणि कुंडलिक हातपाय धुवायचा. तो घासावर घास कोंबायला लागला की आतून 'स्लो डाऊन' ऐकू यायचं. एकदा ती माहेरी निघाली, तेव्हा कुंडलिक घोड्याच्या गळ्यात पडून चारदा 'कम बॅक' म्हणाला. घोडं जागचं हललंसुद्धा नव्हतं.

आबांना वाटे, पोरांना मुक्या जनावराची फार माया. सासू धोंडाबाई दाणे पाखडत बघत राहायच्या.

आबा घोडं घेऊन वेशीकडं वळले, तशा धोंडाबाई सूप ठेवून उठल्या. अंगणाच्या कडेला गेल्या आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, मागं फिरा."

आबा थांबले. हा आवाज उजेडात आपल्याला कधी हाक मारील, असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. न वळताच त्यांनी बायकोला समजावलं, "अगं, त्याला मराठी कळत न्हाय."

"घोड्याला न्हाय, तुमास्नी म्हणतीया."

आबा वळले. ओसरीवर सुनेनं मान खाली घातली होती. खांबाआड पोरगा लाल झाला होता. आबा एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या हातातला लगाम सैल पडला.

"पोरांचं घोडं पोरांना ऱ्हाऊ द्या," धोंडाबाई म्हणाल्या. "माझ्या वक्ताला मला न्हवतं."