दुपट्याखालचा हात

बारशासाठी आलेल्या कुमुदआत्याच्या मनगटाकडे शर्वरीने संशयाने पाहिले. हिरव्या बांगड्यांखाली नणंदेचा रोगदर्शक पट्टा पूर्णतः झाकला गेला होता. रोग जडताच प्रत्येकाच्या मनगटावरचा हा पट्टा लाल उजळे; ते ठाऊक असूनही दुसऱ्यास स्पर्श करणाऱ्यास कारावास होता. ते पाहून गप्प राहणाऱ्यासही तोच.

"वन्सं, बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी बांगड्या जरा वर करा."

"बारशाला बोलावून झडती घेतेस होय गं?" कुमुदने हसत बांगड्या सरकवल्या. पट्टा पांढराशुभ्र होता. "आता तुझा दाखव."

शर्वरीचा हात मांडीवरील बाळाच्या दुपट्याखालीच राहिला.

"झोपलाय तो. हात काढला तर उठेल."

बाळ टक्क जागे होते. दुपट्याच्या विरळ विणीतून तांबडा उजेड झिरपत होता. लाल पट्ट्याच्या मातेपासून तान्हे मूल त्याच दिवशी नेले जाई, हे कुमुदला विदित होते.

"अहो आत्याबाई, आटपा की!" मागून बायका ओरडल्या.

कुमुदने दुपट्याची आणखी एक घडी त्या हातावर ओढली आणि वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले. प्रथेप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. प्रत्येक धपाट्यागणिक तिने ती घडी अधिकच घट्ट धरली.