जरा वेळाने विचारायचं असतं

“लिंबू, घोडा, किल्ली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणा बघू, आजी.”

“लिंबू, घोडा, किल्ली,” आईने मान ताठ करून, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखं म्हणून दाखवलं.

शेजारच्या खुर्चीत लेकीने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. गेल्या महिन्यात आई गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला गेली आणि पातेल्याचा कोळसा झाला. परवा तिने लेकीला मावशीच्या नावाने हाक मारली. म्हणूनच लेक तिला इथे घेऊन आली होती.

“आठवलं की हिला! झालं ना?”

“अहो ताई, हे कसलं आठवणं?” डॉक्टरीणबाई हसल्या. “शब्द अजून त्यांच्या तोंडातच आहेत. आत कुठे ठेवले गेलेत की नाही, ते आत्ता कसं कळणार? बाहेर बसा, दुसरं काहीतरी बोला. जरा वेळाने परत विचारते. आणि तुम्ही आठवण करून द्यायची नाही हं.”

लेक उठता उठता थबकली. शब्द अजून तोंडातच आहेत. आईची काळजी होतीच, त्यात आता कामाच्या काळजीची भर पडली.

ती पर्ल नावाच्या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची. एका लायब्ररीसाठी, म्हणजे पुस्तकांच्या नव्हे, प्रोग्रॅमवाल्यांच्या, ती साठवणीचे प्लगइन, म्हणजे तिला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लिहायची. चालू प्रोग्रॅमच्या हातातल्या वस्तू, म्हणजे माहितीची गाठोडी, तो बंद पडला की विरून जातात. ही लायब्ररी त्या जपून ठेवते आणि मागितल्या की जशाच्या तशा परत देते. पण ठेवायच्या कुठे, फायलीत, डेटाबेसात की दूरच्या एखाद्या मशीनवर, हे लायब्ररीला ठाऊक नसतं. दर फडताळाला वेगळा प्लगइन लागतो. ‘ठेव’ म्हटलं की त्याने ठेवायचं, ‘दे’ म्हटलं की द्यायचं. तिचा नवा प्लगइन कालच पुरा झाला होता, चाचणीही हिरवीगार, म्हणजे पास, आली होती. सोमवारी एक बियाणं जपणारी संस्था आपल्या सगळ्या वाणांची माहिती त्याच्या हवाली करणार होती, आणि जुनं मशीन भंगारात जाणार होतं.

आणि त्या चाचणीत तिने काय केलं होतं? ‘ठेव’ म्हणाली आणि लगोलग ‘दे’ म्हणाली. वस्तू अजून लायब्ररीच्या हातातच होती. मग लायब्ररीने फडताळ कशाला उघडावं? हातातली पुढे केली. घरात बसलेल्या माणसालाच फोन करून विचारावं, पोचलास का रे घरी, त्यातली गत.

बाहेरच्या बाकावर टेकल्या टेकल्या तिने लॅपटॉप उघडला.

“दवाखान्यातसुद्धा?” आई म्हणाली.

“थोडंसंच गं.”

“चालू दे. अजून तीच का तुझी भाषा? दादा म्हणत होता, म्हातारी झाली ती.”

“झालीय जराशी.”

“झाली तर झाली. कामाची आहे ना?”

लेकीने चाचणी बदलली. आधी ठेवायला सांगितलं. मग लायब्ररीचे हात रिकामे केले, डेटाबेसाशी असलेली जोडणी तोडली, नव्याने जोडली, आणि मग मागितलं.

लाल ओळ आली. असं काही इथे नाही.

कपाळावर हात मारून घेत ती वरून खाली वाचत गेली. लिहायचं ते सगळं प्लगइन इमानेइतबारे लिहीत होता. फक्त शेवटी डेटाबेसाला ‘हे आता पक्कं कर’ म्हणायचं राहून गेलं होतं, त्यामुळे जोडणी तुटली की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. तिने ती एक ओळ घातली. पुन्हा हात रिकामे, पुन्हा जोडणी, पुन्हा मागणी. हिरवी. विश्वास बसेना म्हणून आणखी एकदा. हिरवीच.

“काय गं, अशी पांढरीफटक का पडलीस?”

“काही नाही. एक ओळ विसरले होते.”

“हं,” आई म्हणाली. “आणि तपासायला मला आणलंय.”

लेकीला हसू आलं. तेवढ्यात आईने विचारलं, “बरं, दाराला कुलूप नीट लावलंस ना सकाळी?”

“हो गं, लावलं.” तिने सवयीने पर्समध्ये हात घातला. रुमाल, चार्जर, चष्म्याचं घर. हात तळाला जाऊन आला. ती विचारणार होती, पण ओठांवर आलेला शब्द तिने तसाच गिळला. नेमका तोच तर उच्चारायचा नव्हता. चोर आले तर येऊ देत.

आतून बोलावणं आलं.

“हं आजी, मघाशी मी तीन शब्द सांगितले होते.”

“लिंबू,” आई म्हणाली. “घोडा.”

आणि थांबली. छताकडे बघितलं, मग लेकीकडे. लेकीचे ओठ हलायला लागले, तशी डॉक्टरीणबाईंनी बोट वर केलं. आई खाली वाकून आपल्या पर्सची चेन उघडत बसली. ती चेन नेहमीच अडायची.

“आणि किल्ली,” ती म्हणाली, आणि घराची किल्ली तिने टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर तिसरी खूण केली. लेकीला एकदम इतकं मोकळं वाटलं की ती हसतेय की रडतेय, हे तिचं तिलाच कळेना.

“कुलपातच लटकत होती,” आई डॉक्टरीणबाईंना सांगत होती. “मी काढून घेतली, पण बोलले नाही. म्हटलं, जरा वेळाने विचारू हिला.”